बटण सोडा

१

गुरुवारी सकाळी अकरा वाजून नऊ मिनिटांनी एका म्हाताऱ्या माणसाची अकरा वर्षांची मेहनत पुसली गेली, आणि पुसणाऱ्याला हातच नव्हते.

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. काय सुरुवात आहे! तेव्हा मला खात्री होती की ही गोष्ट मी जिंकणार.

हात नसलेला गुन्हेगार म्हणजे एजंट. आईच्या ऑफिसात ते बनवतात: माणसाच्या जागी बसून कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. त्याला आपल्या भाषेत सांगायचं, 'दुबार फायली काढून टाक', की पडद्यावरचा माउसचा बाण अंगात आल्यासारखा आपोआप पळायला लागतो. तो पळवायला एजंटकडे अवजारं असतात. बाण सरकवण्याचं एक, माउसचं बटण खाली दाबण्याचं एक, बटण वर करण्याचं एक, कीबोर्डच्या कळा दाबण्याचं एक. कुठलं अवजार कधी आणि कसं वापरायचं हे त्याला वाचूनच कळतं, आणि त्याने वाचायची पुस्तिका माझी आई लिहिते. चोवीस पानं, दर पानावर एक काम. मिक्सरबरोबर आलेली पुस्तिका आपण न उघडता ड्रॉवरमध्ये टाकतो. आईची पुस्तिका मात्र अक्षरन् अक्षर वाचली जाते आणि लिहिलंय तेच केलं जातं.

"असा एक तरी ऐकणारा घरात हवा होता," असं ती माझ्याकडे बघून म्हणायची.

शाळा सुटली की मी रोज तिच्या ऑफिसात जाते. जायचे. तिच्या शेजारच्या रिकाम्या टेबलावर अभ्यास, आणि अभ्यास नको असला की प्रश्न. म्हणून तिथे माझं नाव 'शंका'. दार उघडलं की कोणीतरी ओरडायचं, "आली बघा शंका!"

त्या गुरुवारी कोणी ओरडलं नाही. आई पडद्यासमोर बसली होती, हात मांडीवर.

"काय झालं?"

"काही नाही. डबा संपवलास?"

काही नाही म्हणजे असं झालं होतं. गावोगाव हिंडून लोकांच्या आठवणी टेप करणारे एक आजोबा होते. त्यांच्याकडे चारशे बारा रेकॉर्डिंगं होती. त्यातली यादीत अगदी वरची तीन दुबार झाली होती आणि ती तीन पुसायला त्यांनी आमचा एजंट घेतला. एजंटने चारशे बाराच्या चारशे बारा फायली पुसल्या, मग शहाण्यासारखी कचरापेटीही रिकामी केली आणि शेवटी लिहिलं: 'काम पूर्ण झालं.'

साहेबांनी दुपारपर्यंत चौकशी उरकली होती. प्रोग्राम बरोबर, चाचणी बरोबर, मग उरलं काय? पुस्तिका. पान सतरा, 'चौकट ओढून फायली निवडणे'. त्यात आईने लिहिलं होतं, 'चौकट शेवटपर्यंत ओढा'. कुणाच्या शेवटपर्यंत? आईच्या मनात होतं, हव्या त्या फायलींच्या शेवटपर्यंत. साहेबांचं म्हणणं, एजंटने यादीच्या शेवटपर्यंत ओढली.

शनिवारी एक वाजता आजोबा येणार होते. त्यांच्यासमोर आईने एका पत्रावर सही करायची होती. पत्राचा मसुदा तिच्या कीबोर्डखाली अर्धवट दडवलेला होता आणि मी तो अर्थातच ओढून वाचला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे.' हाच पहिला शब्द. पहिले दोन.

आई चाळिसाव्या वर्षी हे काम शिकली. त्याआधी आठ वर्षं ती दुसऱ्यांची पत्रं टाइप करायची. या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. ते पत्र एकदा सहीनिशी बाहेर पडलं की तिला पुन्हा दुसऱ्यांची पत्रंच टाइप करावी लागली असती.

"तू सही करणार नाहीयेस," मी म्हटलं. "मी शोधून काढते."

"सोड आता," आई म्हणाली. "घरी जाऊ."

मी वही काढली.

२

संशयित तीन. (मी खरंच असं लिहिलं होतं. लाल पेनाने.)

पहिला, हूं. ही अवजारं ज्याने बनवली तो प्रोग्रामर. त्याला काहीही विचारा, तो 'हूं' म्हणतो. दुसरी, मुंगी. चाचणी घेणारी ताई, एवढीशी, सतत कामात, आणि पाचच्या ठोक्याला पर्स खांद्याला लावून बाहेर. तिसरे साहेब. ते मंगळवारी येत नाहीत आणि इतर दिवशी आले की सगळ्यांना मंगळवार आठवतो.

आईला मी यादीत धरलं नाही. धरायला हवं होतं असं कोणी म्हणेल. आईला कोण धरतं?

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी आधी हूंच्या टेबलाशी गेले.

"एजंट पायरीगणिक काय केलं ते लिहून ठेवतो ना? मला ती नोंद बघायचीय."

"हूं."

"हो की नाही?"

"हूं," म्हणत त्याने खुर्ची बाजूला सरकवली. म्हणजे हो.

नोंदीतल्या कामाच्या चार ओळी मला अजून पाठ आहेत.

*११:०८:५० — चौकट तिसऱ्या फायलीखाली आणून थांबलो.*
*११:०८:५२ — सूचनेप्रमाणे बटण सोडलं.*
*११:०८:५५ — खात्री करण्यासाठी यादीच्या तळाशी गेलो.*
*११:०९:०२ — निवडलेल्या फायली पुसल्या.*

मी टेबलावर थाप मारली. "तिसऱ्या फायलीखाली थांबलो! बघ! शेवटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत ते त्याला बरोबर कळलं होतं. आईचा शब्द चुकलाच नव्हता!"

"हळू," हूं म्हणाला. हा त्याचा दुसरा शब्द असतो हे मला तेव्हा कळलं.

"पण मग तीनच्या चारशे बारा झाल्या कशा?"

हूंने मागे बघितलं. साहेबांच्या खोलीचं दार बंद होतं. त्याने दुसरी खिडकी उघडली. तिथे प्रत्येक अवजार त्या कामात किती वेळा वापरलं गेलं त्याचे आकडे होते. 'बटण खाली': एक. 'बाण सरकव': तीन. 'बटण वर': शून्य.

"शून्य?" मी म्हटलं. "म्हणजे बटण दाबलेलंच राहिलं? आणि तो तसाच तळाशी गेला, म्हणून चौकट ताणत ताणत..."

"हूं."

"पण नोंदीत तर लिहिलंय, बटण सोडलं!"

"म्हणून तर," तो इतकं हळू म्हणाला की मला वाकावं लागलं. "मोजणी माझी आहे. नोंद म्हणते सोडलं, मोजणी म्हणते शून्य. म्हणजे मोजणी बिघडलीय. ती बिघडली असेल तर अवजारही बिघडलं असेल. साहेबांना कळलं तर..." त्याने गळ्यावरून बोट फिरवलं.

"म्हणून तू गप्प बसलास? आणि आईला सही करू देणार होतास?"

त्याने ती खिडकी बंद केली.

मी उठता उठता विचारलं, "पान सतरा शेवटचं कधी बदललं?"

त्याने बघितलं. मंगळवार, संध्याकाळी पाच चाळीस. आईच्या मशीनवरून.

"तू कुठे होतास मंगळवारी पाच चाळीसला?"

"दाढ," तो म्हणाला आणि गाल ताणून दाखवला. खरंच नव्हती.

३

मुंगी पडद्यावरून डोळे न हलवता बोलते.

"सतरावं पान मी सोमवारी तपासलं. बरोबर टिक. माझी टिक खोटी नसते."

"आणि मंगळवारी ते बदललं."

तिची बोटं थांबली. "माझ्या टिकेनंतर? टिकेनंतर पानाला कोणी हात लावायचा नसतो."

"कोणीतरी लावला. मंगळवारी पाच चाळीसला तू कुठे होतीस?"

"मी पाचनंतर कधी कुठे असते? घरी. बाळ झोपेतून उठायच्या आत पोचायचं असतं." मग ती खुर्चीसकट वळली. "शंका, एक सांगू? तुझी आई इथली सगळ्यात काटेकोर बाई आहे. माझी यादीसुद्धा तिने माझ्याआधी पाठ केली."

"कसली यादी?"

इथे मुंगीचा चेहरा उजळला. यादी तिची लाडकी होती. दोन अर्थांचे शब्द, जे एजंटला कधी लिहायचे नाहीत, असे एकतीस. "'काढा' बघ. चौकट काढा म्हणजे आखा की पुसून टाका? 'लावा' बघ. दिवा लावा, झाड लावा, लळा लावा. आणि 'उघडा'! फोल्डर उघडा. अरे, कपडे काय घालायचेत त्याला?"

आम्ही दोघी हसलो. गुरुवारनंतर त्या ऑफिसात कोणी पहिल्यांदा हसत होतं. ही यादी वर्षापूर्वीची, ऑफिसातल्या प्रत्येकाने वाचून खाली सही केलेली. साहेबांचीसुद्धा सही आहे, असं ती म्हणाली. मी ते वहीत उतरवलं. मी सगळं उतरवत होते. फासाचा दोर मीच वळत होते म्हणा ना.

मग मी आईच्या कपाटातली निळी फाइल काढली. तिच्यात पुस्तिकेच्या छापील प्रती होत्या, कच्च्या. ही फाइल मला चांगलीच ओळखीची. महिन्यापूर्वी परीक्षेनंतरच्या सुट्टीत आईने ती घरी आणून माझ्यापुढे टाकली होती: "वाच आणि जिथे अडखळशील तिथे खूण कर. तू अडखळलीस तर एजंट नक्की अडखळेल." मी दोन दुपारी फरशीवर पालथी पडून चोवीस पानं वाचली. प्रश्नचिन्हं काढली आणि विनोद लिहिले. एजंटला एके ठिकाणी 'बोट उचला' सांगितलं होतं, त्यावरून तर मी आईला इतकं छळलं, की बाई, यंत्राला बोट कुठून आणलंत, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. त्या फायलीत माझा हातभार एवढाच.

मी पानं मोजली. पंधरा, सोळा, अठरा.

सतरा नव्हतं.

"आई!" मी ओरडले. "सतरावं पान कोणीतरी चोरलंय!"

आईने डब्याची पिशवी छातीशी धरली होती. "सोड ना आता," ती म्हणाली. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, ती घाबरलीय, चोर ऑफिसातलाच आहे म्हणून.

४

आजोबा शनिवारी एकला यायचे होते. ते साडेअकरालाच येऊन बाहेरच्या बाकावर बसले. अर्ध्या दिवसाच्या शाळेतून मी धावत आले तेव्हा तिथे ते एकटेच होते. हातात एक जुना रेकॉर्डर, खिशातल्या रेडिओएवढा.

मी सरळ सांगितलं, "मी त्या पुस्तिकेवाल्या बाईंची मुलगी. त्यांनी काही केलेलं नाही. मी शोधतेय."

त्यांना राग आला नाही. "शोध," ते म्हणाले. "इथे येऊन मी विचारलं, काय झालं. सगळे सांगतात, कोणामुळे झालं. मला काय झालं ते हवंय."

"कोणाकोणाचे आवाज होते?"

"विहिरी खणणारे. सुईणी. एक बाई होती, तिला सगळ्या रस्त्यांची जुनी नावं पाठ." ते थांबले. "शेवटचं माझ्या बायकोचं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. तिला बोलायचंच नव्हतं रेकॉर्डरपुढे. मी एका हाताने शर्टाचं बटण लावत बसलो होतो आणि दुसऱ्या हाताने हे दाबून धरलं होतं, गुपचूप. याचं बटण दाबून ठेवलं तरच टेप होतं. ती घरातलं काहीबाही बोलत होती, आणि मग म्हणाली, 'अहो, ते बटण सोडा.' मी चटकन बोट उचललं. पकडलं गेलो असं वाटलं. रेकॉर्डिंग तिथेच संपतं."

"मग?"

"मग काय. ती शर्टाच्या बटणाचं म्हणत होती. ते राहू द्या, मी लावते नंतर, असं." ते हसले, पण तोंडभर नाही. "त्यानंतर पुन्हा टेप करायला ती उरली नाही. मी ती तीन मिनिटं रोज ऐकायचो. एवढ्या माणसांचं बोलणं टिपलं मी, आणि घरातल्या बाईच्या दोन शब्दांचा अर्थ उलटा लावला."

मी उभी राहिले. वही खाली पडली.

*ते बटण सोडा.*

आमच्या गणिताच्या बाई तासाला एकदा तरी म्हणतात, 'प्रश्न सोडवायचे असतात, सोडायचे नसतात!' पेपरात मी अवघड प्रश्न सोडते. इथे सोडणं म्हणजे बोट उचलणं नाही. म्हणजे तो करतच नाही. गाळून पुढे जाते.

*सूचनेप्रमाणे बटण सोडलं.*

हूंची मोजणी बिघडलेली नव्हती. शून्य म्हणजे शून्यच. एजंटने बटणाची पायरी गाळली होती, आणि प्रामाणिकपणे तसं लिहूनही ठेवलं होतं. आम्हीच ते आजोबांसारखं वाचलं होतं.

मी आत धावले आणि आईच्या मशीनवर पान सतरा उघडलं. शेवटची ओळ: 'तिथे पोचल्यावर बटण सोडा.'

आईच्या कच्च्या वहीत, जी घरी माझ्याच दप्तराशेजारी असते आणि जी मी शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी चाळली होती, ती ओळ अशी होती: 'तिथे पोचल्यावर बोट उचला.'

"मुंगी!" मी ओरडले. "तुझ्या यादीत 'सोडा' आहे?"

"'सोडा'?" ती म्हणाली. "पहिल्या नंबरला आहे."

५

एक वाजता सगळे लांब टेबलाशी बसले. साहेब, आजोबा, हूं, मुंगी, आई. पत्र टेबलाच्या मधोमध, त्यावर टोपण काढलेलं पेन. मी दाराशी उभी.

"ही मुलगी इथे कशाला?" साहेब म्हणाले.

"राहू दे तिला," आजोबा म्हणाले. "तिच्याकडे काहीतरी आहे."

होतंच! आयुष्यात पहिल्यांदा पाच मोठी माणसं माझ्याकडे बघत होती आणि माझा आवाज कापत नव्हता. मी पायरी पायरीने सांगितलं. एजंट तिसऱ्या फायलीखाली बरोबर थांबला, म्हणजे 'शेवटपर्यंत'चा दोष नाही. 'बटण वर' शून्य वेळा वापरलं गेलं, म्हणजे अवजाराचा दोष नाही; त्याला कोणी बोलावलंच नाही. हूंने एवढा मोठा श्वास सोडला की पत्र हललं. मुंगीने सोमवारी तपासलं तेव्हा पानावर 'बोट उचला' होतं, म्हणजे तिचाही नाही.

"दोष एका शब्दाचा आहे. मंगळवारी पाच चाळीसला कोणीतरी आईच्या मशीनवर 'बोट उचला' खोडून 'बटण सोडा' केलं. आणि निळ्या फायलीतलं सतरावं पान पुरावा म्हणून पळवलं. आईने हे लिहिलेलं नाही. ती हा शब्द लिहिणारच नाही!"

"शाबास," आजोबा म्हणाले.

"पुरे," आई म्हणाली.

"थांब ना आई. 'सोडा' हा यादीतला पहिल्या नंबरचा शब्द आहे. ऑफिसातल्या प्रत्येकाने वर्षापूर्वी त्या यादीवर सही केलीय. इथलं कोणीही एजंटसाठी तो शब्द सुचवणार नाही. म्हणजे ज्याला तो शब्द सुचला, त्याला यादी माहीत नाही."

"मंगळवारी मी नसतो," साहेब म्हणाले.

"माहितेय, लिहिलंय मी. हूंची दाढ. मुंगी पाचला घरी. म्हणजे बाहेरचा माणूस. ज्याला यादी माहीत नाही, पण जो मंगळवारी पाच चाळीसला इथे होता, ज्याला निळी फाइल कुठे असते ते माहीत आहे, ज्याला 'बोट उचला' खटकलं, आणि..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

मंगळवारी पाच चाळीसला मी शेजारच्या टेबलावर भूमिती करत होते. आई माझ्या डावीकडे काहीतरी टाइप करत होती आणि मधेच हसली होती. मी विचारलं होतं, काय गं? ती म्हणाली होती, तुझे विनोद वाचतेय.

*यंत्राला बोट कुठून आणलंत?* त्याच्यापुढे मी काय लिहिलं होतं? महिन्यापूर्वी, फरशीवर पालथी पडून, टू-बी पेन्सिलीने. ते अक्षर मला आता दिसायला लागलं, एकेक.

"आणि?" साहेबांनी विचारलं.

"आणि काही नाही," आई म्हणाली. तिने पत्र पुढे ओढलं. "मीच केलं. घाईत होते. यादी विसरले. सही कुठे करू?"

"एक मिनिट," साहेब म्हणाले. ते मूर्ख नव्हते. तसे असते तर बरं झालं असतं. "तुमची कच्ची पानं बाहेरच्या कोणाला दाखवली होती तुम्ही? ती बाहेर न्यायला बंदी आहे हे माहीत असताना?"

"नाही."

आई खोटं बोलताना उजव्या हाताने कानातलं चाचपते. ती चाचपत होती. हूं टेबलाकडे बघत होता. मुंगी माझ्याकडे बघत होती, तिला कळलं होतं. आजोबा रेकॉर्डर हातात फिरवत होते. काय झालं ते त्यांनी विचारलं होतं, फक्त तेवढंच, आणि ते माझ्याशिवाय त्या खोलीत दुसरं कोणी सांगणार नव्हतं.

"मी," मी म्हटलं. "'बटण सोडा' मी लिहिलं. पेन्सिलीने. मला 'बोट उचला' हास्यास्पद वाटलं."

कोणीतरी ओरडेल म्हणून मी वाट बघत राहिले.

"वय काय तुझं?" आजोबांनी विचारलं.

"पंधरा."

"मी त्रेसष्ट वर्षांचा होतो," ते म्हणाले. "आणि ती माझी बायको होती." त्यांनी रेकॉर्डर खिशात घातला, ते उठले, मुंगीने दार उघडलं, ते गेले. पत्राकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

साहेबांनी बघितलं. त्यांनी पत्र परत घेतलं, आत जाऊन नव्याने छापून आणलं. आधी त्यात एकच परिच्छेद होता, निष्काळजीपणाचा. निष्काळजीपणा एक वेळ लोक विसरतात. आता दुसराही आला: तपासलेलं पान परस्पर बदलणे, आणि बंदी असलेली कागदपत्रं बाहेरच्या व्यक्तीच्या हाती देणे. तो दुसरा परिच्छेद माझ्या हुशारीचा. त्यातला एकही शब्द दोन अर्थांचा नव्हता.

आईने सही केली.

६

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. तिच्या मांडीवर कपबशी, टेबलावरचं छोटं कॅक्टस आणि डब्याची पिशवी.

दोन थांबे गेल्यावर तिने पिशवीतून डबा काढला. डब्याखालून घडी केलेला कागद. पान सतरा.

'बोट उचला'वर आडवी रेघ. वर माझं अक्षर, ऐटीत तिरकं: *यंत्राला बोट कुठून आणलंत, बाईसाहेब? 'बटण सोडा' म्हणा की सरळ!* शेजारी डोळा मारणारा चेहरा. आणि त्याखाली, आईच्या निळ्या पेनाने, एक छोटीशी बरोबरची खूण. मंगळवारची.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"गुरुवारी. अकरा वाजून दहा मिनिटांनी."

"तुला यादी पाठ होती. मग टाइप करताना कसं दिसलं नाही?"

"तुझं अक्षर होतं ना," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाचं असतं तर तपासलं असतं."

"मग मला थांबवायचं तरी!"

"सोड म्हटलं की तुला. गुरुवारी म्हटलं. शुक्रवारी म्हटलं."

"मला वाटलं, तू..."

"आणि वही काढलीस तेव्हा इतकी खूश दिसलीस," आई म्हणाली. "आजपर्यंत माझ्यासाठी कोणी वही काढली नव्हती."

कागदाचं एक टोक तिच्या हातात होतं, एक माझ्या. मी ते घट्ट धरून ठेवलं होतं, का ते मलाही सांगता आलं नसतं. आमचा थांबा आला. कंडक्टरने घंटी मारली. आईने कॅक्टस काखेत घेतलं, कागद हलकेच ओढून बघितला. आला नाही.

"सोड," ती म्हणाली.

मी एकेक करून बोटं उचलली.